दुसरी वेलांटी

४ मे

प्रिय इंजिनिअरबाई,

हाताने लिहिलेलं पत्र बघून तुला वाटेल की आत्याचा फोन बिघडला. फोन ठणठणीत आहे. बिघडली आहे ती आमची समिती. ‘निरामय उन्हाळा’ असं तिचं नाव. अध्यक्ष आहेत चष्म्याच्या दुकानाचे मालक, आणि त्यांचं म्हणणं असं की उन्हाळ्यात माणसाचं डोकं आधीच तापलेलं असतं, त्यात फोनची भर नको. म्हणून दुपारभर फोन बंद आणि आठवड्याला एक पत्र, स्वतःच्या हाताने. त्याने मन शांत होतं म्हणे. मी जन्मभर टेलिफोन ऑफिसात लोकांचे फोन जोडून दिले तरी माझ्या मनाला काही झालं नाही, हे मी सभेत सांगितलं. पण ठराव आधीच झाला होता. शेजारच्या शिंपीणबाई आपल्या मुलाला लिहिताहेत. तो वरच्या मजल्यावर राहतो. मी तुला लिहायचं ठरवलं, तू निदान लांब तरी आहेस.

समितीचं दुसरं काम म्हणजे उष्णतेच्या लाटेची तयारी. चौकात पाण्याची पिंपं ठेवली आहेत, वाचनालयाच्या हॉलमध्ये पंखे वाढवले आहेत, सकाळी मैदानावर आम्ही सगळे ओळीने श्वास घेतो आणि ओळीने सोडतो. आणि महिनाअखेर मोठा सराव आहे. बाहेरून निरीक्षक येणार. भर चौकात एक माणूस उष्माघाताने कोसळणार, स्वयंसेवक त्याला स्ट्रेचरवर घेणार, ॲम्ब्युलन्स येणार, पुलापर्यंत जाणार आणि तिथून परत फिरणार. तो कोसळणारा माणूस म्हणजे तुझी आत्या. रीतसर निवड झाली माझी. शिंपीणबाईही इच्छुक होत्या, पण त्या कोसळण्याआधी पदराने, रुमालाने, जे हाताला लागेल त्याने जागा झटकून घेतात.

तुझ्या बाबांना यातलं काही बोलू नकोस. मागे तो येऊन गेला तेव्हा त्याने माझ्याकडून वदवून घेतलं की तब्येतीची एक जरी कुरबुर झाली तर घराला कुलूप लावायचं आणि तुमच्या सातव्या मजल्यावर राहायला यायचं. मी हो म्हटलं, कारण त्याची गाडी सुटत होती. लहानपणी माझं बोट धरून रस्ता ओलांडणारा धाकटा भाऊ, तो आता माझ्या शिंकेवर टपून बसला आहे. माझं घर, माझी खिडकी आणि माझी भांडणं सोडून मी कुठेही जाणार नाही, हे तुला माहीत आहे. ‘ताई रुग्ण झाली’ एवढे तीन शब्द त्याच्या कानावर गेले की तो दुसऱ्या दिवशी दारात हजर.

उत्तर लिही. आलेलं पत्र सभेत दाखवावं लागतं.

तुझी आत्या

*

९ मे

प्रिय आत्या,

पत्र मिळाले. माझे मन शांतच आहे, पण तुला सभेत दाखवायला हवे म्हणून लिहिते.

तू नेहमी विचारतेस की मी ऑफिसात नक्की काय करते. हॉस्पिटलमध्ये खाटेशेजारी जे मॉनिटर असतात, त्यांनी कशासाठी ओरडावे आणि कशासाठी गप्प राहावे हे ठरवणे माझे काम आहे. बहुतेक ओरडणे खोटे असते. रुग्ण कुशीवर वळतो, वायर हलते, बोटावरची चिमटी निसटते. सतत खोटे ओरडणे ऐकून नर्सेसचे कान किटतात आणि मग खऱ्याकडेही कोणी वळून बघत नाही. म्हणून जे ठरलेल्या नमुन्यात बसत नाही ते गाळायचे. मी चांगली गाळते, असे साहेब म्हणतात.

आता तुझ्या भूमिकेबद्दल. उष्माघातात ‘हाय हाय’ करत कपाळाला हात लावून पडायचे नसते. अंग भाजल्यासारखे गरम होते, त्वचा बऱ्याचदा कोरडी असते, आणि मुख्य म्हणजे माणूस असंबद्ध बोलतो. स्वतःच्या घराचा पत्ता विचारला तर भलतेच सांगतो. स्वयंसेवकांनी ओळखायला शिकावे ते हे. तू जर चुकीचे कोसळलीस तर ते चुकीचे शिकतील.

एक प्रश्न. सरावात रुग्ण झालेल्या माणसाला खरोखरच काही झाले तर तो काय म्हणणार? ‘मला बरे वाटत नाही’ हा तर त्याचा पाठ केलेला संवाद. अशा वेळेसाठी एक वेगळा शब्द आधी ठरवून ठेवतात. तो ऐकला की सराव थांबतो. तुमच्या समितीने असा शब्द ठरवला आहे का?

बाबांना काही सांगितलेले नाही. ‘रुग्ण’ शब्दापुढचे ते ऐकत नाहीत.

तुझी भाची

*

१५ मे

प्रिय इंजिनिअरबाई,

तुझं पत्र सभेत वाचलं. पत्र प्रेमाचं आहे की सरकारी, यावर जरा चर्चा झाली. मग तुझ्या प्रश्नावर आलो आणि सगळ्यांचे चेहरे पडले, कारण असा शब्द आमच्याकडे नव्हता.

चष्मेवाल्यांनी जागच्या जागी ठरवला: ‘खरंच’. रुग्णाने ‘खरंच’ म्हटलं की सराव बंद. सोपा, सुटसुटीत, अर्थपूर्ण. परवा तालीम घेतली. मी कोसळले. एका स्वयंसेवकाने दुसऱ्याला विचारलं, “खरंच पडल्या की काय?” सराव बंद. पुन्हा सुरू केला. दवाखान्यातल्या नर्सबाई म्हणाल्या, किती छान पडतात हो, खरंच. सराव बंद. तिसऱ्या वेळी चष्मेवाले स्वतःच चिडले आणि म्हणाले, हे खरंच अति होतंय. त्यांच्याच शिट्टीने त्यांनी स्वतःला थांबवलं. मला मात्र दर वेळी उठून पुन्हा कोसळावं लागलं.

मग ठरलं की जो शब्द कुणी चुकूनही बोलत नाही असा हवा. वाचनालयात येणाऱ्या निवृत्त मास्तरीणबाईंनी सुचवला: ‘वेलांटी’. शाळा सुटल्यापासून हा शब्द तोंडात आला असेल असा माणूस सभेत एकही निघाला नाही. पण बाई त्या बाईच. त्यांनी लगेच विचारलं, पहिली की दुसरी? यावर बराच वेळ गेला. शेवटी मंजूर झालं ते असं: किरकोळ काही असेल, पाय मुरगळला वगैरे, तर पहिली वेलांटी. जिवावरचं असेल तर दुसरी.

माझी भूमिका आता रंगात आली आहे. सूचनेप्रमाणे मी घराचा पत्ता चुकीचा सांगते, तुमचा देते. नर्सबाई म्हणतात की मला घामही अगदी वेळेवर फुटतो, आणि तो गार असतो, ही कला त्यांना समजत नाही. एक विचारायचं होतं, भूमिकेसाठी. कोसळण्याआधी जबडा दुखतो असं दाखवलं तर चालेल का? खालचा, डाव्या बाजूचा. दात नव्हे, हाड. आणि जिना चढताना तिसऱ्या-चौथ्या पायरीवर थांबावं लागतं, तेही घालू का? मला ते स्वाभाविक वाटतं.

तुझी आत्या

*

२० मे

प्रिय आत्या,

जबडा काढून टाक. उष्माघातात जबडा दुखत नाही. गार घामही नको. तू अंग गरम आणि कोरडे दाखवते आहेस आणि त्यातच गार घाम येतो आहे, हे कोणत्याच एका आजारात बसत नाही. जिना तर चौकात नाहीच, त्यामुळे दम लागण्याचा प्रश्न येत नाही. एका सरावात एकच आजार असावा. तू दोन आजारांची मिसळ करते आहेस आणि स्वयंसेवक गोंधळतील.

वेलांटीबद्दल: शब्द चांगला आहे. दोन पातळ्या करणे अनावश्यक वाटते. जिवावर बेतलेल्या माणसाला ह्रस्व-दीर्घाचा विचार करावा लागू नये. पण ठराव झाला असेल तर असो.

माझे बरे चालले आहे. आमच्या नव्या नियमाने खोटे ओरडणे जवळजवळ निम्म्यावर आले. साहेबांनी सगळ्यांसमोर माझे नाव घेतले. एका नर्सने कळवले की आता वॉर्डात इतके शांत असते की भीती वाटते. तो विनोद होता असे मी धरून चालले आहे.

बाबा बरे आहेत. तुझ्यासाठी त्यांनी खिडकीजवळची खाट नक्की केली आहे. त्या खिडकीतून समोरच्या इमारतीच्या खिडक्या दिसतात.

तुझी भाची

*

२६ मे

प्रिय इंजिनिअरबाई,

जबडा काढला. निदान तालमीत तरी काढला.

खाटेचं वाचून फार आनंद झाला. तिच्यावर तुमचे वाळलेले कपडे ठेवा, मला यायला वेळ आहे. वेळ आहे म्हणजे मी येणार नाही.

या भूमिकेचा एक फायदा मला आधी कुणी सांगितला नव्हता. रुग्ण म्हणून निवड झाल्यापासून मी गावात कुठेही, कधीही खाली बसू शकते. कुणी घाबरत नाही, कुणी पाणी आणत नाही, कुणी तुझ्या बाबांना फोन लावत नाही. मंगळवारी बाजारातून येताना बेकरीच्या पायरीवर बसले, डोळे मिटले, घाम पुसला. बेकरीवाला म्हणाला, वा, तालीम का? मी हात हलवून हो म्हटलं. मागे पाव घ्यायला उभ्या असलेल्या दोघांनी टाळ्या वाजवल्या. अशी सोय पूर्वी असती तर माणसाला कितीतरी मोकळेपणी दमता आलं असतं.

शिंपीणबाई तेवढ्या वाकड्यात शिरतात. म्हणाल्या, आज तालमीचा वार नाही. मी म्हटलं, चांगल्या नटाला वार नसतो. त्यावर त्यांनी पिशवी माझ्या हातातून काढून घेतली आणि घरापर्यंत स्वतः आणली. त्यांना माझी भूमिका हवी आहे, आणि हाव लपत नाही.

एकच तांत्रिक शंका. पाठीत, दोन खांद्यांच्या मधोमध, कुणी पाट ठेवून त्यावर चढून बसलंय असं वाटत असेल, तर ते उष्माघातात बसतं का? नसेल बसत तर राहू दे. गाळून टाक.

तुझी आत्या

*

२९ मे

प्रिय आत्या,

हे कुरिअरने पाठवते आहे.

काल चहाच्या वेळी तुझे पत्र मी ऑफिसात वाचून दाखवले. तुझी पत्रे मी वाचून दाखवते, हे तुला सांगितले नव्हते. लोक हसतात. बेकरीच्या टाळ्यांना सगळे हसले. आमच्याकडे सल्ल्यासाठी एक हृदयाच्या डॉक्टरबाई येतात, त्या हसल्या नाहीत. त्यांनी तुझे वय विचारले. मग आधीच्या पत्रांत काय होते ते विचारले. मी सांगितले. त्या म्हणाल्या, “तुमच्या आत्याला आधी भूमिकेतून बाहेर काढा.”

संध्याकाळी मी तुला फोन केला. तू माझ्या जेवणाचे विचारलेस, रजेचे विचारलेस, साहेबांचा स्वभाव विचारलास, आणि फोन ठेवल्यावर माझ्या लक्षात आले की मी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर मिळालेलेच नाही. टेलिफोन ऑफिसातल्या माणसाला फोनवर गाठता येत नाही. म्हणून लिहिते आहे.

जबडा, गार घाम, पायरीवर लागणारा दम, पाठीवरचा पाट. हे सगळे मी गाळत गेले, कारण ते उष्माघातात बसत नव्हते. ते हृदयात बसते. बायकांचे हृदय पुष्कळदा छातीवर हात ठेवून तक्रार करत नाही, ते असे आडवळणाने सांगते, असे डॉक्टरबाई म्हणाल्या.

पत्र मिळताच दवाखान्यात जा. ईसीजी काढायला सांग. हे भूमिकेसाठी नाही, असे आधी सांग आणि मग पुढचे बोल. रविवारी संध्याकाळपर्यंत ईसीजी काढल्याचे मला कळले नाही तर मी बाबांना सगळे सांगेन. ही धमकी नाही. पुढे काय होईल ते सांगून ठेवते आहे.

तू हे वाचून हसशील. हसून झाले की जा.

तुझी भाची

*

८ जून

प्रिय पोरी,

शिंपीणबाईंनी माझ्या फोनवरून कळवलं आणि तू येऊन गेलीस. दोन दिवस माझ्या खाटेशेजारी बसलीस आणि माझ्याकडे कमी, त्या मॉनिटरकडे जास्त बघितलंस. तो ओरडला की नर्सच्या आधी तू उठायचीस, आणि वायर न बघता माझं तोंड बघायचीस. ते मी पाहिलं, झोपले नव्हते. पण सारखं कुणी ना कुणी आत-बाहेर करत होतं, त्यात नीट बोलणं झालं नाही. आता घरी आले आहे. शिंपीणबाईंनी माझी खुर्ची खिडकीशी लावून दिली आहे आणि समोर बसून माझ्यावर नजर ठेवताहेत. तेव्हा चौकात काय झालं ते क्रमाने लिहिते, तुला क्रम आवडतो.

तुझं कुरिअर रविवारी सकाळी आलं. मी वाचलं, हसले, आणि ठरवलं की सराव उरकून जाऊ. सगळं गाव तयार होऊन उभं, निरीक्षक छत्रीखाली बसलेले, आणि ऐन वेळी रुग्णच दवाखान्यात गेला असं कसं चालेल?

चौकात डांबर मऊ झालं होतं. चष्मेवाले शिट्टी वाजवणार आणि मी कोसळणार, असं ठरलं होतं. मी शिट्टीच्या आधीच कोसळले. निरीक्षकांनी घड्याळात बघितलं, तर चष्मेवाले म्हणाले की उष्माघात शिट्टीची वाट बघत नसतो. निरीक्षकांना हे फारच आवडलं. मला मात्र आता पाठीवर पाट नव्हता, आख्खं कपाट होतं. स्वयंसेवक आले, पत्ता विचारला. मी बरोबर पत्ता सांगितला आणि ते गोंधळले. मग मी म्हटलं, वेलांटी.

आणि खरं सांगते, त्यांनी पाठ केलं होतं. चौघेही एकदम थांबले. एकाने वाकून अदबीने विचारलं, “पहिली की दुसरी?”

मी म्हटलं, दुसरी.

शिट्टी झाली. सगळा चौक जागच्या जागी उभा राहिला. आता नर्सबाई धावत येणार तोच निरीक्षक छत्रीखालून बाहेर आले आणि म्हणाले, हेसुद्धा बसवलंय तुम्ही? इतक्या ठिकाणी फिरलो, असा सराव कुठे बघितला नाही. चष्मेवाले तसे वाईट गृहस्थ नाहीत. पण कौतुक सुरू झालं की माणसाला कमी ऐकू येतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, निरीक्षकांकडे बघितलं, आणि लाजून म्हणाले, प्रयत्न केला साहेब. पुन्हा शिट्टी. सराव चालू.

मला ॲम्ब्युलन्समध्ये घातलं. शिंपीणबाई कुठल्याही योजनेत नसताना मागून चढल्या आणि माझा हात धरून बसल्या. कुणी हटकलं तर म्हणाल्या, मी नातेवाईक आहे, नातेवाईक नको का सरावात? पुलाशी गाडी थांबली. ड्रायव्हरने मागचं दार उघडलं आणि म्हणाला, “मावशी, उतरा. सराव संपला.”

पोरी, मी उतरणार होते. दार उघडं होतं, बाहेरची हवा आत येत होती, कळ जरा कमी झाली होती. उतरले असते, रिक्षाने घरी गेले असते, आणि कुणालाच काही कळलं नसतं. घर माझंच राहिलं असतं. मी पाय खाली सोडायला गेले तेव्हा शिंपीणबाईंनी हात सोडला नाही. जोर करून बघितला, तर त्यांनीही केला. मग मला तुझं ते कोरडं वाक्य आठवलं, हसून झाले की जा. माझं हसून झालं होतं.

मी ड्रायव्हरला म्हटलं, “तुमचा संपला. माझा नाही.”

त्याने शिंपीणबाईंकडे बघितलं. त्या म्हणाल्या, गाडी चालव. त्याने चालवली.

पुढचं तुला माहीत आहे. नळी तुंबली होती, स्प्रिंग बसवली. डॉक्टर म्हणाले की एवढ्या लवकर सहसा कुणी पोचत नाही. पोचणार नाही कसं? माझ्यासाठी आख्खं गाव स्ट्रेचर घेऊन सकाळपासून उभं होतं. निरीक्षकांनी आम्हाला पहिला क्रमांक दिला आहे. रुग्ण परत आला नाही ही एक त्रुटी नोंदवली आहे.

आता महत्त्वाचं. तुझ्या बाबांना तू ‘हॉस्पिटलच्या कामाला जाते’ असं सांगून आलीस. मला ते फार आवडलं. तेच पुढे चालू ठेवू. त्याला एवढंच सांग: ताईला सरावात उचललं, ॲम्ब्युलन्समधून नेलं, सराव उत्तम झाला. यात एक अक्षर खोटं नाही. तुला अचूक लागतं, हे अचूक आहे.

मी आयुष्यात तुझ्याकडे काही मागितलेलं नाही. हे मागते.

तुझी आत्या

*

१४ जून

प्रिय आत्या,

तुझे वाक्य अचूक आहे. मी ते बाबांना सांगायला त्यांच्यासमोर बसले होते. वाक्य अर्ध्यावर आले आणि त्यांनी विचारले, “आता कशी आहे ती?” त्यांनी सरावाचे काहीच विचारले नाही. मग मी पहिल्या पत्रापासून सगळे सांगितले.

ते रागावले नाहीत. माळ्यावरून मोठी बॅग काढली, पुसली आणि मला पुढच्या आठवड्यातल्या सकाळच्या गाडीची जाण्यायेण्याची तिकिटे काढायला सांगितली. तुला आणायला जायचे होते. खिडकीजवळच्या खाटेवरचे कपडे त्यांनी स्वतः उचलले. मी त्यांना अडवले नाही. फक्त म्हटले की ती इथे आल्यावर पुन्हा असे झाले तर तिला खाली कसे न्यायचे, ते आधी बघून घेऊ. ते म्हणाले, लिफ्ट आहे की.

आम्ही त्या खाटेची लांब फळी काढली. स्ट्रेचर साधारण तेवढेच असते. लिफ्टमध्ये ती आडवी जात नाही. उभी जाते. बाबा म्हणाले, उभे करून नेतील. मी म्हटले, बेशुद्ध माणूस उभा राहत नाही. मजल्यावरच्या शेजाऱ्यांनी दार उघडून विचारले की घर बदलताय का. आम्ही एवढी वर्षे समोरासमोर राहतो, पण त्यांचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला. नाही म्हटल्यावर त्यांनी दार लावून घेतले.

मग जिन्याने नेऊन बघितली. वरचे टोक माझ्याकडे, खालचे बाबांकडे. दुसऱ्या वळणावर फळी अडकली. ती वर येईना आणि खाली जाईना. बाबा खाली पायरीवर बसले. मी विचारले, दम लागला का. ते म्हणाले, भूमिकेसाठी. मला ते आवडले नाही. मी तिथेच त्यांचा जबडा, पाठ आणि घाम विचारला. काही नाही, गुडघे दुखत होते. तरी त्यांचा ईसीजी परवा काढून घेतला आहे. ठीक आहे.

पायरीवर बसल्या बसल्या त्यांनी विचारले की मी एकटीने त्यांना उचलू शकेन का. मी नाही म्हटले. मग त्यांनी विचारले की इथे हाक मारली तर कोण येईल. मी वर, शेजाऱ्यांनी लावून घेतलेल्या दाराच्या दिशेने बघितले. त्यांनी फळीवरचा हात काढला. मग म्हणाले, “ताईची मागची खोली अजून रिकामीच आहे ना?”

तेव्हा: तू घर सोडायचे नाही, हे ठरले. तुला इथे आणणे तुझ्यासाठी जास्त धोक्याचे आहे, हे बाबांनी मान्य केले. मात्र तिकिटे त्यांनी रद्द करू दिली नाहीत. येतानाचे तुझे तिकीट तेवढे परत केले. ते उन्हाळ्यापुरते येणार आहेत. उन्हाळा कधी संपतो, असे मी विचारले, तर म्हणाले तिकडे गेल्यावर बघू. पुस्तके, शिवणाचे जुने मशीन आणि आरामखुर्ची बांधून ठेवली आहे.

मी ठीक आहे. निम्मे गाळणारा तो नियम मी मागे घ्यायला सांगितला आहे. साहेब नाराज आहेत. वॉर्डात पुन्हा गोंगाट सुरू होईल.

गोळ्या वेळेवर घे. शिंपीणबाईंना माझा नंबर दिला आहे. त्या दुपारीही फोन उचलतात.

तुझी भाची

*

१९ जून

प्रिय पोरी,

तुझं पत्र शिंपीणबाईंनी वाचून दाखवलं आणि आरामखुर्चीपाशी आल्यावर मी ते त्यांच्याकडून ओढून स्वतः पुन्हा वाचलं.

समितीने माझी भूमिका काढून घेतली. पुढच्या सरावात शिंपीणबाई कोसळणार. मी हरकत घेतली, तर चष्मेवाले म्हणाले की आता तुम्ही खऱ्या रुग्ण, आणि खरा रुग्ण सरावाला चालत नाही. बोलताना ते माझ्या डोळ्यांकडे बघत नव्हते. त्या दिवसापासून रोज सकाळी दुकान उघडण्याआधी येऊन विचारून जातात, आणि दोनदा माझा चष्मा फुकट पुसून दिला. शिंपीणबाई सध्या माझ्याकडून कोसळायला शिकताहेत. अजून जागा झटकतात.

आता तुझ्या बाबांचं. इतके दिवस मी एकच धास्ती घेऊन होते, की तो मला इथून नेईल. तो न नेण्याचं कबूल करतो आणि स्वतःच सामान बांधतो, यावर काय करावं हे मी सभेत विचारलं. अध्यक्ष म्हणाले की पूर, आग, लाट, सगळ्याचं मार्गदर्शन त्यांच्याकडे आहे, धाकट्या भावाचं नाही. त्याला माझा रेडिओ मोठा वाटतो, माझा चहा पातळ वाटतो, आणि खिडकी उघडली की तो बंद करतो. लहानपणापासून. तो माझ्या गोळ्या मोजेल. मी जिना चढायला लागले की मागे येऊन उभा राहील. मी एकटी राहते, पोरी. मला ते जमतं आणि आवडतं, आणि ते टिकवायला मी काय काय केलं ते तू वाचलं आहेस.

आणि तू तिकडे एकटी. सातव्या मजल्यावर, समोर दार लावून घेणारी माणसं. तू ठीक आहे असं लिहितेस तेव्हा ते किती अचूक असतं, हे आता मला कळायला लागलं आहे. रजा काढ आणि पोचवायला म्हणून ये. माझी एक खोली तुझ्यासाठीही आहे, फक्त तुझ्या बापाला सांगू नकोस, तो तीही घेईल.

एक विचारते, रागावू नकोस. ती फळी लिफ्टमध्ये तिरकी धरून बघितलीत का? एक टोक वरच्या कोपऱ्याला आणि एक खालच्या? माणसाचं पाऊल जरा दुमडतंच की. लिफ्टमधला आरसा काढला तर बोट-दोन बोटं जास्त मिळतील. फळी गेली तर त्याला इकडे यायचं कारण उरत नाही; मला तिकडे नेण्याचं मग बघू. पुन्हा एकदा बघा आणि लगेच कळवा, फोननेही चालेल, दुपारी केलास तरी मी उचलेन.

तोवर मागच्या खोलीतल्या चादरी धुवून वाळत घालते. या उन्हात त्यांना फार वेळ लागत नाही.

तुझी आत्या